आधी पैसे, मग भांडण

सोनाळ्याला रेल्वे कधी आली नाही. अकोला-खंडवा ही जुनी मीटरगेज अकोट, अडगाव, हिवरखेड करत मेळघाटच्या जंगलात शिरायची आणि धूळघाटच्या चढावर गोल फेरा मारून वर निघायची. संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव तिच्या वाटेवर नव्हतं. पुढे ब्रॉडगेजचा विषय निघाला. व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून मोठी लाइन न्यायची की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि जंगलाला वळसा घालणारा पर्यायी मार्ग आखला गेला तेव्हा त्यात हिवरखेडनंतर सोनाळा, मग जामोद अशी नावं दिसू लागली.

असं एखादं काम येणार म्हटलं की गावातले लोक खडीचे टिप्पर आणि पोकलेन कधी दिसतात याची वाट पाहतात. कामाची पहिली हालचाल मात्र कुठल्यातरी बँकेच्या शाखेत झालेली असते. ज्याची निविदा मंजूर झाली त्या कंत्राटदाराला बहुतेक वेळा बँकेकडून एक हमीपत्र काढून ते रेल्वेकडे जमा करावं लागतं. रेल्वेच कशाला, खारपाणपट्ट्यातल्या गावांना वान धरणाचं गोड पाणी देणारी १४० गावांची पाणीपुरवठा योजना असो, जिगावचं धरण असो की ग्रामसडक योजनेतला दोन-चार किलोमीटरचा रस्ता असो, या कामांच्या फायलींत असला कागद सापडतोच. फायलीत त्याचं नाव ‘बँक हमी’. ठेकेदारांच्या तोंडी ‘बीजी’. बीजी काढायची, बीजी वाढवायची, आणि वाईट दिवस आले तर साहेबानं बीजी वटवली म्हणून कपाळाला हात लावायचा.

हा कागद नेमकं काय करतो याबद्दल धंद्यातल्या लोकांचाही गोंधळ असतो. कुणाला वाटतं, काम पूर्ण होण्याची जबाबदारी बँकेनं घेतली. कुणाला वाटतं, नुकसान सिद्ध झालं की बँक भरपाई देते. दोन्ही समज चुकीचे. बँक रूळ टाकून देत नाही आणि कोण खरं, कोण खोटं याचा निवाडाही करत नाही. हमीपत्रात ज्याचं नाव आहे त्यानं, लिहिलेल्या तारखेच्या आत, लिहिलेल्या शब्दांत पैसे मागितले की ती पैसे देते. त्यापुढचं भांडण ज्याचं त्यानं करायचं.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होईल. समजा अकोल्याच्या एका कंत्राटदाराला रेल्वेचं १० कोटींचं मातीकाम मिळालं. रेल्वेच्या सर्वसाधारण अटींप्रमाणे स्वीकृतिपत्र निघाल्याच्या तारखेपासून २१ दिवसांत त्यानं कंत्राटाच्या ५ टक्के रकमेची कामगिरी हमी द्यायची असते, म्हणजे ५० लाख. उशीर झाला तर ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते, पण १२ टक्के दंडव्याजासह. त्यानंतरही हमी आली नाही तर काम हातचं जातं. ५० लाख रोख अडकवण्याची ताकद नसते, म्हणून तो बँकेकडे जातो. बँक त्याचे ताळेबंद पाहते, चालू कामं पाहते, घर-प्लॉटची कागदपत्रं पाहते आणि त्याला हमीची एक मर्यादा मंजूर करते. वर मार्जिन मागते. ते १० टक्के असेल, २५ असेल, नवख्या माणसाला १०० टक्केही असू शकतं. २५ टक्के धरलं तर साडेबारा लाखांची मुदतठेव बँकेकडे तारण राहिली. कमिशन वर्षाला दीड टक्का धरू: ७५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे साडेतेरा हजार. वर्षाचा खर्च ८८ हजार ५००. एवढ्या खर्चात रेल्वेच्या हातात ५० लाखांचा भरवसा पडला, आणि बँकेच्या तिजोरीतून त्या दिवशी एक रुपयाही बाहेर गेला नाही.

म्हणूनच बँकांना हा धंदा आवडतो आणि म्हणूनच तो धोक्याचाही आहे. कर्ज दिलं की पैसा जातो आणि ते लगेच खात्यात दिसतं. हमी दिली की ताळेबंदात ती संभाव्य देणी म्हणून वेगळी मांडली जाते. रिझर्व्ह बँकेनं तिला अगदीच मोकळं सोडलेलं नाही. आर्थिक हमी, म्हणजे कर्जफेडीची वगैरे, पूर्ण रकमेच्या कर्जासारखी धरून त्यासाठी भांडवल राखायचं. कामगिरीची हमी असेल तर निम्म्या रकमेवर. शिवाय ५० हजार आणि त्यावरच्या हमीवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात. या दोन सह्यांचा विषय पुढे येईल.

गावाकडे जामीन राहण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. मेहुणा नाहीतर शाळेतले गुरुजी. कर्जदार थकला की जामीनदाराला नोटीस येते. कायद्याचं मूळ दोन्हीकडे एकच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे, आणि कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. पण जामीनदाराला भांडायला बरीच जागा असते. कर्जाच्या अटी मला न विचारता बदलल्या, संस्थेनं कर्जदाराला परस्पर सूट दिली, मुळात थकबाकीचा आकडाच चुकला, असे मुद्दे तो मांडू शकतो, आणि त्यातले काही कायद्यानं टिकतात.

बँक हमीत ही जागा शब्दांनीच बुजवलेली असते. मागणी होताच, कोणतीही हरकत न घेता, कंत्राटदार काहीही म्हणत असला तरी, रक्कम अदा करू: असा तिचा नमुना ठरलेला असतो, आणि सरकारी खात्यांचे छापील मसुदे त्यात काना-मात्राही बदलू देत नाहीत. कंत्राटाच्या अटी बदलल्या तरी हमी कायम राहील, हेही त्यातच लिहून घेतात. जामीनदाराच्या हातातली बहुतेक हत्यारं बँक सही करतानाच खाली ठेवते.

महाराष्ट्राला हमीचा आणखी एक प्रकार फार जवळून माहीत आहे: सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य सरकारनं दिलेली थकहमी. ती वटवण्यासाठी राज्य सहकारी बँकेला सरकारच्या दारात किती वर्षं घालवावी लागली, हा राज्याच्या अर्थकारणातला स्वतंत्र अध्याय आहे. दाभोळचं उदाहरण तर जगभर गाजलं. एन्रॉनच्या वीजखरेदीला आधी राज्य सरकारची हमी होती आणि तिच्या पाठीशी केंद्राची प्रतिहमी. २००१ च्या सुरुवातीला वीज मंडळाची बिलं थकल्यावर कंपनीनं दोन्हींकडे बोट दाखवलं. सरकारची हमी कितीही मोठ्या आकड्याची असली तरी ती वसूल करताना मंत्रालयाचे जिने चढावे लागतात. व्यापाऱ्याला हवा असतो तो असा कागद, की जो दाखवला की पैसे काउंटरवर मिळतात. बँकेच्या हमीची किंमत याच फरकात आहे.

आता या कठोरपणाची परीक्षा पाहणारं एक प्रकरण. एडवर्ड ओवेन नावाच्या इंग्लिश कंपनीनं लिबियात काचेची हरितगृहं उभारण्याचं कंत्राट घेतलं. किंमत ५ लाख पौंडांच्या थोडी वर, आणि कामगिरी हमी १० टक्क्यांची. हमीची साखळी अशी, की लिबियन ग्राहकाला तिथल्या उम्मा बँकेनं हमी दिली, उम्मा बँकेला लंडनच्या बार्कलेजनं, आणि बार्कलेजला एडवर्ड ओवेननं लिहून दिलं. ठरल्याप्रमाणे लिबियन ग्राहकानं पैसे देण्यासाठी पक्कं पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट) उघडायचं होतं. ते त्यानं उघडलंच नाही. म्हणून कंपनीनं काम सुरू केलं नाही. तर ग्राहकानं कामगिरी हमीचे पैसे मागितले! म्हणजे चूक त्याची आणि दंड समोरच्याला. कंपनी कोर्टात गेली. १९७७ साली लॉर्ड डेनिंग यांच्या पीठानं सांगितलं की इंग्लिश कंपनीची बाजू न्यायाची दिसत असली तरी बँकेला पैसे द्यावेच लागतील. बँकेनं जे लिहून दिलं ते जवळपास वचनचिठ्ठीसारखं आहे. मूळ करारातली भांडणं तिच्यापर्यंत येऊ द्यायची नाहीत. बँकांचा शब्द न्यायालयांनी अडवायला सुरुवात केली तर आंतरराष्ट्रीय व्यापारच चालणार नाही, हा त्यामागचा विचार.

निकाल वाचून चरफडायला होतं खरं. पण डेनिंग यांचं म्हणणं चुकीचं नाही. हमीचे दर ठरतात, निविदा भरल्या जातात, समुद्रापलीकडचा अनोळखी माणूस माल पाठवतो तो या कठोरपणावर विसंबूनच. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही हीच वाट धरली. उत्तर प्रदेशातल्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या कंत्राटावरून सहकारी महासंघ विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स असा खटला झाला. त्याच्या १९८७ च्या निकालात न्यायालयानं हमीच्या वसुलीला मनाई देण्याची दारं जवळजवळ बंद केली. दोनच फटी उरल्या. एक, हमीच्या मुळाशीच असलेली उघड, ढळढळीत फसवणूक. दुसरी, पैसे एकदा गेले तर कधीच परत मिळवता येणार नाहीत असा भरून न निघणारा अन्याय. साहेब सूडानं वागले, काम आमच्यामुळे नाही तर जमीन वेळेवर ताब्यात न मिळाल्यामुळे रखडलं, असल्या तक्रारी या फटींतून आत जात नाहीत. त्या लवादापुढे मांडायच्या. पैसे तोवर गेलेले असतात.

तिसरी वाट मात्र महाराष्ट्रातल्याच एका कंपनीनं दाखवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी तेव्हाच्या बिहारमध्ये खरकई नदीवरच्या इचा धरणाचं काम करत होती. कामासाठी मिळालेल्या आगाऊ उचलीपोटी तिनं बँक हमी दिली होती. वाद झाला आणि सरकारनं हमी वटवायला काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९९ मध्ये निकाल लागला, आणि कंपनी जिंकली. फसवणूक सिद्ध झाली म्हणून नाही. न्यायालयानं हमीपत्र ओळ-ओळ वाचलं. त्यात मूळ कराराच्या एका कलमाचा संदर्भ होता आणि ठरावीक प्रसंगीच पैसे देण्याची अट होती. म्हणजे ती बिनशर्त हमी नव्हतीच. दुसरं, पैसे मागणारं पत्र कार्यकारी अभियंत्याच्या सहीचं होतं, आणि हमी होती मुख्य अभियंत्याच्या नावे. चुकीच्या माणसानं मागितलं, म्हणून मागणीच रद्द.

सरकारी कचेऱ्यांत ‘मोठा साहेब, छोटा साहेब, खातं तर एकच’ अशी भावना असते. हमीच्या बाबतीत ती महागात पडते. ज्या कठोरपणाचा फायदा पैसे मागणाऱ्याला मिळतो, तोच त्याच्यावर उलटू शकतो. बँकेनं कारण विचारायचं नाही, हे खरं. पण मागणी अक्षरशः हमीपत्राप्रमाणे आली आहे की नाही, हे तिनं पाहायचं असतं. पत्र कुठल्या शाखेत द्यायचं, त्यात ‘करारभंग झाला आहे’ असं म्हटलं पाहिजे की नाही, मूळ हमीपत्र सोबत जोडायचं की नाही, सगळं त्या पानावर लिहिलेलं असतं. दुर्दैवानं ते पान हमी घेताना कुणी वाचत नाही. तिजोरीत टाकतात आणि भांडण झालं की काढतात.

सगळ्यात जास्त गोची तारखांची. हमीवर साधारण दोन तारखा असतात: हमी कधीपर्यंत लागू आहे ती, आणि मागणी कधीपर्यंत करता येईल ती. पहिली तारीख उलटल्यावर करारभंग झाला तर हमी उपयोगाची नाही. आधी झालेल्या करारभंगाबद्दल मागणी करायला दुसऱ्या तारखेपर्यंत वेळ. यात करार कायद्याचं कलम २८ आडवं येतं. कोर्टात जाण्याचा हक्क मुदतीनं मारून टाकणारी अट १९९७ च्या दुरुस्तीनं निरर्थक ठरवली. त्यामुळे हमी संपली तरी मुदतीच्या कायद्याप्रमाणे सरकारला ३० वर्षं दावा करता येईल, अशी धास्ती बँकांनी घेतली. २०१३ मध्ये कायद्यात बँकांसाठी अपवाद आला: किमान एक वर्षाची मुदत ठेवली तर त्यानंतर देणं संपलं असं लिहिता येईल. यावरून बँका प्रत्येक हमीला एक वर्षाचा दावाकाळ जोडा म्हणून आग्रह धरू लागल्या. कंत्राटदाराच्या दृष्टीनं याचा अर्थ आणखी वर्षभर कमिशन आणि आणखी वर्षभर अडकलेली ठेव. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं पंजाब नॅशनल बँकेविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात यावरच भांडण मांडलं, आणि जुलै २०२१ मध्ये न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. कायद्यातली एक वर्षाची अट कोर्टाकडे धाव घेण्याच्या मुदतीबद्दल आहे, बँकेकडे मागणी करण्याच्या मुदतीबद्दल नाही, असा तो निकाल. मोठ्या कंपनीला हे भांडणं परवडतं. तालुक्याच्या ठेकेदाराला बँक जे म्हणेल त्यावर सही करावी लागते.

तारखेवरूनच ‘वाढवा नाहीतर भरा’ नावाचा प्रकार निघतो. काम रखडलं, हमी पुढच्या आठवड्यात संपते आहे, अशा वेळी खात्याचं बँकेला पत्र जातं: हमीची मुदत वाढवून द्या, न दिल्यास हेच पत्र रक्कम मागणी समजावं. कंत्राटदार धावत येतो, कमिशन भरतो, मुदत वाढते. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानं २०१० पासून लागू केलेल्या मागणी-हमीच्या नियमांत अशा पत्रासाठी बँकेला ३० दिवसांपर्यंत पैसे थांबवण्याची सोय आहे. आपल्याकडच्या देशी हमींमध्ये हे नियम बहुधा नसतात. तिथं सगळं त्या आठवड्यातल्या पळापळीवर.

हमीचे प्रकार बरेच आहेत, पण त्यांत फार शिरण्याची गरज नाही. निविदा भरून ऐन वेळी पळून जाऊ नये म्हणून बयाण्याची हमी. सुरुवातीच्या उचलीची हमी, जी काम पुढे सरकेल तशी कमी होत जाते. बिलातून कापलेली रक्कम लवकर सोडवून घेण्यासाठी दिलेली हमी. सीमाशुल्क खात्याला दिलेली. अमेरिकेत बँकांना हमी देण्याची परंपरेनं मोकळीक नव्हती, म्हणून तिथं हेच काम करणारं राखीव पतपत्र निघालं. नेहमीचं पतपत्र आणि हमी यांतला फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्यवहार सुरळीत झाला की पतपत्राचे पैसे मिळतात. तो बिघडला की हमीचे.

आता त्या दोन सह्या. मुंबईच्या फोर्टमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून काही हिरे व्यापाऱ्यांच्या कंपन्यांसाठी वर्षानुवर्षं हमीची पत्रं निघत राहिली. ती होती ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’, म्हणजे परदेशातल्या बँक-शाखांना दिलेली हमी की या ग्राहकाला कर्ज द्या, त्यानं नाही फेडलं तर आम्ही फेडू. मंजूर मर्यादा नाही, मार्जिन नाही. आंतरराष्ट्रीय संदेशप्रणाली स्विफ्टवरून संदेश जायचा आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्याची नोंदच व्हायची नाही, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेल्या नव्हत्या. संदेश टाकायला एक आणि तपासायला दुसरा, ही चौकट कागदावर होती. जुना अधिकारी निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये कंपन्या नवीन पत्र मागायला आल्या तेव्हा शाखेनं १०० टक्के रोख मार्जिन मागितलं. याआधी तर कधी लागलं नाही, असं उत्तर आलं, आणि जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. फेब्रुवारीत बँकेनं शेअर बाजाराला कळवलेला आकडा ११ हजार कोटींच्या वर होता. नंतर तो १३ हजार कोटींपलीकडे गेला. १३ मार्च २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेनं आयातीसाठीची अशी पत्रं बंदच केली. बँक हमी आणि पतपत्र मात्र चालू ठेवली. त्यांच्यावाचून व्यापार एक दिवस चालला नसता.

तिथं कागद खरा होता, त्यामागची मंजुरी नव्हती. दुसऱ्या प्रकारात कागदच खोटा असतो. सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथल्या जल निगमला तीन सिंचन प्रकल्पांच्या कंत्राटांसाठी १८३ कोटींच्या आठ बनावट हमी दिल्या गेल्याचं प्रकरण २०२५ मध्ये सीबीआयनं बाहेर काढलं. निगमनं हमींची पडताळणी केली नव्हती असं नाही. बँकेच्या नावाच्या ई-मेलवरून ‘हमी खरी आहे’ असं उत्तर आलं होतं. तो ई-मेलच बनावट पत्त्यावरून आलेला होता. यावर उपाय म्हणून आता हमी देणाऱ्या बँकेनं लाभार्थीच्या बँकेला बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्यावरून, म्हणजे एसएफएमएसवरून, पुष्टी पाठवावी असा आग्रह निविदांत असतो. सप्टेंबर २०२२ पासून ई-बँक हमीही आली आहे: नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस या संस्थेच्या मंचावर मुद्रांक, सह्या, हमी सगळं संगणकावरच. पूर्वी स्टॅम्प आणून, टाइप करून, कुरिअरनं पाठवण्यात तीन-चार दिवस जायचे. ज्या कचेरीत अजून हिरव्या कागदाची हमी लखोट्यात घेतात, तिथल्या लेखाधिकाऱ्यानं पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन न करता शाखेचा पत्ता स्वतः शोधून विचारावं, हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही.

बँक कुठली, हाही प्रश्न आहेच. मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला होता. पुढे सरकारच्या भांडवली मदतीनं त्यांना उभं करावं लागलं. हमी देणारीच अडचणीत आली तर हमी कसली? निविदांमध्ये ‘राष्ट्रीयीकृत किंवा अनुसूचित बँकेचीच’ असं लिहितात ते यामुळे. बुलढाणा जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं कितीही मोठं असलं, तरी पतसंस्थेचं पत्र इथं चालत नाही.

छोट्या ठेकेदाराची कोंडी मात्र वेगळीच आहे. दर खाली, ज्याला सगळे ‘बिलो’ म्हणतात, भरल्याशिवाय काम मिळत नाही. अंदाजपत्रकाच्या फार खाली भरलं की सार्वजनिक बांधकामच्या कामांत जादा सुरक्षा ठेव द्यावी लागते. म्हणजे नफा जितका कमी, तितका अडकलेला पैसा जास्त. ग्रामसडकच्या रस्त्याचा दोषदायित्व काळ पाच वर्षांचा. तेवढे दिवस पैसा कुठल्या ना कुठल्या रूपात गुंतून राहतो. त्यात बँकेची हमी-मर्यादा भरली की पुढची निविदा भरताच येत नाही. विमा कंपन्यांच्या शुअरिटी बॉण्डचा पर्याय यासाठीच आला. विमा नियामकानं २०२२ च्या एप्रिलपासून त्याला वाट दिली, पुण्याच्या बजाज अलियान्झनं त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिलं बॉण्ड-उत्पादन बाजारात आणलं. त्याला मुदतठेव लागत नाही, हप्ता भरला की झालं. पण विमा कंपनीही ठेकेदाराची पत पाहूनच बॉण्ड देते, आणि पत नाही म्हणून तर तो बँकेच्या दारात अडलेला असतो.

कंत्राटं सोडून शेतमालाकडे वळलं तर सोनाळा परिसरात या कागदाशी संबंध येणारे लोक बरेच निघतील, पण त्यांना तो संबंध माहीत नसतो. बाजार समितीत कापूस, सोयाबीन, तूर घेणारा अडत्या-व्यापारी परवाना घेताना समितीकडे तारण ठेवतो, त्यात बँक हमीही चालते. थेट पणनाचा परवाना घेणाऱ्यालाही हमी द्यावी लागते. उद्देश हा, की शेतकऱ्याचे पैसे बुडवून तो पसार झाला तर त्यातून देणी भागवता यावीत. पण हमीपत्रात लाभार्थी म्हणून नाव असतं समितीचं किंवा पणन खात्याचं, शेतकऱ्याचं नव्हे. ५० शेतकरी बँकेच्या शाखेत जाऊन बसले तरी मॅनेजर त्यांना एक रुपया देऊ शकत नाही, आणि यात त्याचा आडमुठेपणा नसतो. मागणीचं पत्र समितीच्या अधिकाऱ्यानंच, मुदतीच्या आत द्यावं लागतं. म्हणून व्यापारी गायब झाला की शेतकऱ्यांनी पोलीस ठाण्याइतक्याच घाईनं समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्यायला हवी, आणि या व्यापाऱ्याची हमी किती रकमेची, कुठल्या तारखेपर्यंत आहे हे विचारायला हवं. पाच लाखांची हमी ठेवून त्यानं पन्नास लाखांचा माल उधार उचलला होता, हेही तेव्हाच कळतं.

संत्र्याचं तर याहून बिकट. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेरच्या नियमनातून मोकळा केला. त्यानंतर बगीच्यात येऊन झाडावरचा बहर घाऊक बोलीनं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला समितीचा परवाना लागत नाही; परवाना नाही म्हणून तारण नाही, हमी नाही. बयाणा देऊन तो जातो आणि उरलेली रक्कम तोड झाल्यावर, गाडी दिल्ली-बांगलादेशकडे निघाल्यावर द्यायची बोली असते. अशा सौद्यात मोठ्या बागाइतदारांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनं स्वतःच्या नावे बँक हमी मागायला कायद्याची कुठलीच आडकाठी नाही. कंपनीची वर्षाची उलाढाल मोठी असेल तर व्यापाऱ्यालाही ती काढणं जड नाही. मसुदा सुटसुटीत हवा: रक्कम, कंपनीचं नाव, बिनशर्त मागणी, शाखेचा पत्ता, आणि शेवटची तारीख तोड संपल्यानंतर निदान दोन महिन्यांची. मृग बहराची तोड लांबली तर तारीख संपण्याच्या पंधरा दिवस आधी व्यापाऱ्याकडून ती वाढवून घ्यायची, आणि तो टाळाटाळ करू लागला तर त्याच आठवड्यात बँकेला पत्र द्यायचं.